एम्प्रेस गार्डनमधली गारंबी आणि धनेश

जानेवारीतले पुष्पप्रदर्शन सोडले तर एम्प्रेस गार्डनशी आमच्या घराचा फारसा संबंध कधी आला नाही. यंदा एप्रिलमध्ये दापोलीहून मावशी आली आणि तिला उन्हे चढण्याआधी झाडांत फिरायचे होते, म्हणून सकाळी सातलाच आम्ही रेसकोर्सजवळच्या या सुमारे ३९ एकरांच्या बागेत पोहोचलो.

पुण्याचा पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे वर्षावन इथे आपसूक उगवण्याची शक्यता नाही. जे आहे ते माणसांनी लावले, जोपासले आणि, मला अधिक महत्त्वाचे वाटते ते म्हणजे, वाढू दिले. कांचनवेलीची मांडीएवढी जाड, पीळ पडलेली खोडे एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली आहेत आणि त्यांच्याखाली भर उन्हाळ्यातही गारवा टिकतो. तिथून थोडे पुढे गेल्यावर मावशी थबकली. “अगो, ही तर आमच्याकडची गारंबी!” हातभर लांब, चपट्या शेंगेतली तपकिरी, गुळगुळीत बी ती लहानपणी ठिकरी म्हणून वापरत असे.

त्यानंतरचा जवळजवळ तासभर आम्ही एकाच झाडासमोर काढला. जमिनीपासून वीसेक फुटांवरच्या ढोलीपाशी राखी धनेशाचा नर येऊन बसला होता. धनेशाची मादी अंडी घालण्यासाठी ढोलीत शिरते, विष्ठेने तोंड लिंपून घेते आणि जेमतेम चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते; पुढचे कित्येक दिवस तिचे पोट नरावर अवलंबून असते. या नराने मान झटकून गळ्यातून एक पिकलेले फळ चोचीच्या टोकावर आणले, फटीत दिले, पुन्हा मान झटकली. मी सात फळे मोजली. फटीतून दर वेळी फक्त चोचीचे टोक दिसे आणि फळासह आत जाई. आमच्या सोसायटीतला ढोल्या पडलेला जुना गुलमोहर धोकादायक ठरवून तोडण्यात आला, तेव्हा मीही संमतीची सही केली होती, हे तिथे उभे असताना आठवले.

“ती बाहेर कधी येणार?” मावशीने विचारले. पिल्ले थोडी मोठी झाली की मादी लिंपण फोडून बाहेर पडते, असे मी सांगितल्यावर तिने परतीचे तिकीट पुढे ढकलायला लावले.