ताईच्या यकृतातलं गळू

ताईला हुडहुडी भरून ताप आला आणि उजवा खांदा ठणकायला लागला. यकृताला सूज आली की त्याच्या वरचं श्वासपटल चिडतं आणि कळ खांद्यात उठते, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. ताईला जुना मधुमेह. रात्रीपर्यंत ती असंबद्ध बोलू लागली, बीपी घसरलं आणि तिला थेट आयसीयूत हलवलं.

सीटी स्कॅनमध्ये यकृताच्या उजव्या भागात मोठं गळू दिसलं, आणि त्यात काळे ठिपके. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं, "हा वायू आहे." जंतू साखर आंबवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो; साखर वाढलेली असली की त्यांचं फावतं. काही रुग्णांत तर पू साठतच नाही, नुसता वायू यकृतभर पसरत जातो. त्याला एम्फिसेमॅटस हेपटायटिस म्हणतात. तो फार दुर्मिळ, आणि त्यातून वाचणारे थोडे. ताईच्या यकृतात पू होता, म्हणजे नळी घालून काढण्याजोगं काहीतरी होतं. पू आहे हे ऐकून माणसाला धीर येऊ शकतो, यावर एरवी माझा विश्वास बसला नसता.

पुढचं सगळं भराभर झालं. आधी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू केलं. बीपीसाठी नॉरॲड्रिनॅलिन, साखरेसाठी इन्सुलिन. सोनोग्राफीत बघून बरगड्यांमधून पिगटेल नावाची बारीक नळी घातली. पिशवीत दाट, पिवळट, उग्र वासाचा पू उतरू लागला. नळी तुंबू नये म्हणून सिस्टर सलाइनने ती धुवायच्या आणि किती पू आला ते लिहून ठेवायच्या. मी आल्या आल्या आधी तो कागद बघायचे.

कल्चरमध्ये क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला, तोही चिवट जातीचा. लॅबमधल्या प्लेटवर वाढलेल्या त्याच्या वसाहतीला तार लावून उचललं तर 5 मिलिमीटरहून लांब चिकट धागा ओढला जातो. या जातीमुळे होणारा आजार 1980 च्या दशकात तैवानमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. हा जंतू यकृतात थांबत नाही. डोळ्यात, मेंदूत, फुप्फुसात पोहोचतो. म्हणून डॉक्टर राउंडला आले की आधी "नीट दिसतंय ना?" विचारायचे. ताप उतरल्यावर एकदा ताई म्हणाली, "डाव्या डोळ्यापुढे धुकं आल्यासारखं वाटतंय गं." तासाभरात नेत्रतज्ज्ञ आले आणि डोळ्याच्या आतच इंजेक्शन दिलं. त्या डोळ्याची नजर अधू झाली, पण डोळा वाचला. तो रोजचा प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

नळी निघाली तरी अँटिबायोटिक बंद झालं नाही. या आजारात ते साधारण 4 ते 6 आठवडे द्यावं लागतं. शेवटी कोलोनोस्कोपी सांगितली, कारण अशा गळवामागे कधीकधी मोठ्या आतड्याचा कॅन्सर लपलेला सापडतो. ताई आणखी तपासण्यांना कंटाळली होती. मी हट्टच धरला, तेव्हा कुठे तयार झाली. रिपोर्ट नॉर्मल आला.