डोक्यावरचा कळस

नोटर डेम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या हेल्मेटवर काहीही काढलेले नसते. अमेरिकेतल्या इतर बहुतेक विद्यापीठांच्या हेल्मेटांवर अक्षरे, पंजे, शिंगे, पक्ष्यांच्या चोची असे काही ना काही हमखास रंगवलेले असते. इथे मात्र कपाळापासून मानेपर्यंत नुसता सोनेरी रंग. मी ते पहिल्यांदा टीव्हीवर पाहिले तेव्हा चित्र चिकटवायचे राहून गेले असावे, अशीच माझी समजूत झाली होती. हा कॅथलिक संघ आहे, एवढे ऐकून माहीत होते, आणि त्यामुळे माझी नजर गणवेशावर क्रूस शोधत होती. छातीवर आकडा होता, पाठीवरही आकडाच होता. खेळाडूचे नावसुद्धा नव्हते. धर्माचे नाव घेऊन मैदानात उतरणाऱ्या संघाच्या अंगावर धर्माची एकही खूण दिसू नये, याचे मला नवल वाटले.

त्या हेल्मेटचा उलगडा शिकागोला राहायला आल्यावर झाला. याच विद्यापीठात शिकलेल्या एका शेजाऱ्याने एका शरद ऋतूत मला सामना पाहायला साउथ बेंडला नेले. गाडीने जेमतेम दोन तासांचा रस्ता, पण इंडियाना राज्यात बरेच आत गेल्यावर घड्याळ एक तास पुढे जाते, त्यामुळे आपण कुठल्या तरी परगण्यात चाललो आहोत असे उगाचच वाटते. शहर जवळ आले तशी झाडांच्या वर एक सोनेरी ठिपका चमकू लागला. शेजाऱ्याने गाडीचा वेग कमी केला आणि हनुवटीनेच तिकडे खूण केली. तो विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचा घुमट होता आणि त्यावर उभी होती १९ फूट उंचीची मरियमची मूर्ती. १८७९ च्या आगीत जुनी इमारत जळाली, त्याच वर्षी नवी उभी राहिली, आणि संस्थापक फादर एडवर्ड सोरिन यांच्या हट्टापायी १८८६ मध्ये तिच्या घुमटावर खऱ्या सोन्याचा वर्ख चढला. तो वर्ख आजही काही वर्षांनी नव्याने चढवतात. हेल्मेटचा सोनेरी रंग या घुमटाचा आहे. चित्र चिकटवायचे राहिले नव्हते. हेल्मेट म्हणजेच चित्र होते.

मी माहीमला वाढलो. सप्टेंबरात वांद्र्याची जत्रा भरली की आजी मला हाताला धरून मोतमाउलीला, म्हणजे मरियमच्या चर्चला, न्यायची, पायथ्याशी मेणाचा हात किंवा पाय विकत घ्यायची आणि वर जाऊन तो माउलीपुढे ठेवायची. घरी देव्हाऱ्यात विठोबा आणि बाहेर माउली, यात तिला कधी अडचण वाटल्याचे आठवत नाही. फ्रेंच भाषेत ‘नोत्र दाम’ म्हणजे ‘आमची माउली’. अमेरिकन जिभेने त्याचे ‘नोटर डेम’ करून टाकले, ते ऐकून फ्रेंच माणूस कानावर हात ठेवेल. मला मात्र त्या घुमटाकडे पाहताना अर्थ लावावा लागला नाही. देवळात गर्दी फार असेल, वेळ नसेल, किंवा कुणाला आत जाऊ दिले जात नसेल, तर लांबून कळसाला हात जोडायचे, तेही दर्शनच होते, ही आपल्याकडची जुनी सोय आहे. इथे पोरांनी तो कळसच डोक्यावर घेतला होता.

शेजाऱ्याने सांगितलेली एक गोष्ट मला त्या दिवशीच्या सामन्याहून जास्त आवडली. २०११ पर्यंत ही हेल्मेटे प्रत्येक सामन्याआधी विद्यार्थीच नव्याने रंगवत असत. संघाचे सामान सांभाळणारी मुले जमायची, मागच्या शनिवारचे ओरखडे, प्रतिस्पर्ध्यांच्या हेल्मेटांचे लागलेले रंग पुसून काढायची आणि सोन्याचे कण मिसळलेला रंग फवारायची. शनिवारी खेळ, म्हणजे शनिवारच्या आत सगळी चमकली पाहिजेत. हे ऐकताना मला मारुतीला शेंदूर लावणारे हात आठवले. पुटावर पूट चढत गेले की आतला दगड दिसेनासा होतो आणि मूर्तीचे नाकडोळे बुजून जातात, पण शेंदूर नवा असला पाहिजे, याबद्दल कुणाचे दुमत नसते. आता हे काम बाहेरच्या व्यावसायिकांकडे गेले आहे, रंग जास्त चकचकीत आणि टिकाऊ झाला आहे, आणि शेजाऱ्याच्या बोलण्यात त्याबद्दल किंचित तक्रार होती. मलाही त्याचे म्हणणे पटले. पुजारी ठेवल्यावर देऊळ नीटनेटके राहते खरे, पण शेंदूर लावणाऱ्याची बोटे स्वच्छ राहतात.

या हेल्मेटवर कधीच काही नव्हते असे मात्र नाही. १९५९ पासून काही वर्षे त्यावर हिरवे शॅमरॉकचे पान होते. संघाला ‘फायटिंग आयरिश’ म्हणतात आणि शॅमरॉक हे आयर्लंडचे पान. पण त्याच पानाची तीन दळे दाखवून संत पॅट्रिकने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य समजावले, अशी आख्यायिका असल्यामुळे ते धार्मिकही आहे. आपल्या बेलाच्या त्रिदळासारखेच. जुनी छायाचित्रे पाहिली तर ते पान छान दिसते, पण पान आले की हेल्मेट इतरांच्या हेल्मेटांसारखे होते, आणि घुमट नाहीसा होतो. ते काढून टाकणाऱ्याची दृष्टी चांगली होती, असे माझे मत आहे.

खूण शरीरावर कुठे असावी याबद्दल आपण फार हळवे असतो. पुस्तकाला पाय लागला तरी आपला हात आपोआप कपाळाकडे जातो. राष्ट्रध्वज गणवेशावर वापरण्याची परवानगी देणारी २००५ ची दुरुस्ती झाली, तेव्हाही तो कमरेखाली नसावा, ही अट घातली गेलीच. अमेरिकन फुटबॉल हा तर चिखलात लोळण्याचा, एकमेकांच्या छाताडावर पडण्याचा खेळ. जर्सीवर क्रूस छापला असता तर तो दर दोन मिनिटांनी कुणाच्या तरी गुडघ्याखाली आला असता. इथे छापलेलेच काही नाही, त्यामुळे विटंबनेचा प्रश्नच उद्भवत नाही.

उघड दिसणाऱ्या खुणांची वाट किती अवघड असते, ते इतरांकडे पाहिले की कळते. फ्लोरिडा विद्यापीठाचा खेळाडू टिम टीबो २००९ च्या जानेवारीत अजिंक्यपदाच्या सामन्यात डोळ्यांखालच्या काळ्या पट्ट्यांवर योहानाच्या शुभवर्तमानातल्या वचनाचा क्रमांक लिहून उतरला, आणि २०१० च्या मोसमापासून त्या पट्ट्यांवर शब्द, आकडे, चिन्हे यांना बंदी आली. आर्कान्सा स्टेट या सरकारी विद्यापीठात २०१४ मध्ये दिवंगत सहकाऱ्यांच्या आठवणीसाठी हेल्मेटांवर क्रूस लावले गेले. सरकारी संस्थेने धर्माची बाजू घेऊ नये अशी हरकत आली, विद्यापीठाने माघार घेतली, प्रकरण न्यायालयाच्या दारापर्यंत गेले, आणि ज्याला हवा त्याने स्वेच्छेने लावावा, असा तोडगा निघाला. वूस्टरच्या होली क्रॉस या जेझुइट पाद्र्यांच्या कॉलेजचा पेच वेगळाच. त्यांचा संघ ‘क्रुसेडर्स’, म्हणजे धर्मयोद्धे. २०१८ मध्ये त्यांनी नाव ठेवले, पण तलवारधारी सरदाराचे चित्र निवृत्त केले. खाजगी संस्थेला कायद्याची आडकाठी नव्हती. अडचण इतिहासाची होती.

नियमांचा विचार करू लागलो तर एक गंमत दिसते. कॉलेज फुटबॉलच्या नियमपुस्तकात कपडे बनवणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह किती मोठे असावे याची मर्यादा दिलेली आहे: सव्वादोन चौरस इंच. म्हणजे सगळ्या गणवेशावर मोजपट्टी लावून ज्याची जागा आखून दिली आहे, त्यात व्यापाऱ्याचा शिक्का आहे. माउलीला मात्र डोके आखेच्या आखे मिळाले, कारण तिने आपले नाव कुठेही लिहिले नाही.

लिहिले नसल्यामुळे आणखी एक सोय झाली आहे. हा कळस डोक्यावर घेणारे सगळेच कॅथलिक नसतात. २०१२ च्या संघाच्या कर्णधारांपैकी एक, मांटाय टेओ, मॉर्मन पंथाचा होता. १९२२ मध्ये जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्यात अडचणीच्या वेळी ‘हेल मेरी’ ही मरियमची प्रार्थना म्हणू या, असे सुचवणारा नोबल किझर प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट होता, अशी आठवण त्याचा सहकारी जिम क्राउली सांगत असे. त्या प्रार्थनेचे नाव पुढे शेवटच्या क्षणी देवावर भरवसा ठेवून फेकलेल्या लांब चेंडूला कायमचे चिकटले. सामन्याआधी संघ एकत्र मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जातो आणि प्रत्येकाला एका संताचे पदक मिळते, दर सामन्याला वेगळ्या संताचे. ते गणवेशाचा भाग नाही. ज्याने त्याने ते जपावे, विसरावे, किंवा आईला पाठवावे. २०२२ च्या ऑक्टोबरात हाच संघ मॉर्मन पंथाच्या ब्रिगम यंग विद्यापीठाशी खेळला, तोही जुगाराची राजधानी असलेल्या लास व्हेगासमध्ये, खास शिवलेला पांढरा-सोनेरी गणवेश घालून. त्या शुभ्र कपड्यांना सुतकी किंवा पवित्र काहीही म्हणता येण्यासारखे होते. मला ते दुकानातल्या पुतळ्याच्या अंगावरचे वाटले.

आम्ही पाहिलेल्या सामन्याचे तपशील मी विसरलो आहे. एवढे आठवते की उत्तरेकडे ग्रंथालयाच्या भिंतीवर १३४ फुटी चित्रात हात उंचावलेला ख्रिस्त होता आणि पंच टचडाउनची, म्हणजे गुण झाल्याची, खूण करताना असेच दोन्ही हात वर करतो, म्हणून सगळे त्याला ‘टचडाउन जीझस’ म्हणतात, हे सांगताना शेजाऱ्याला जरासुद्धा संकोच वाटला नाही. आणि आठवते ते असे, की बाहेर बसलेल्या खेळाडूंनी आपली सोनेरी हेल्मेटे बाकासमोर गवतावर ठेवली होती. एकाचे तर कलंडले होते आणि कुणाच्या तरी बुटाच्या टोकाने ते हळूच सरळ केले गेले. माझा हात नकळत कपाळाकडे गेला. शेजाऱ्याला वाटले, मला ऊन लागते आहे. त्याने आपली टोपी पुढे केली.

संध्याकाळी विद्यापीठाच्या आवारातल्या, फ्रान्समधल्या लूर्दच्या मरियमच्या गुहेच्या प्रतिकृतीपाशी मी एक मेणबत्ती लावली आणि आईला फोटो पाठवले. त्यांत घुमटाचा एक होता आणि पुस्तकांच्या दुकानात फळीवर मांडलेल्या हेल्मेटांचा एक. तिचा फोन लगेच आला.

“मेणबत्ती लावलीस ते बरे केलेस. आणि तो दुसरा कळस एवढा लहान कसा रे?”

“कळस नाही आई, टोपी आहे ती. खेळताना मुले डोक्यावर घालतात.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “घालू देत. पण खाली जमिनीवर ठेवू नका म्हणावं त्यांना.”