जाड गोल देवनागरी फॉन्ट: सध्या मुक्काम शिरोरेषेवर

मंडळी, जाड गोल फॉन्टचं काम बऱ्यापैकी पुढं सरकलंय म्हणून अपडेट टाकतेय. स्वर, व्यंजनं, मात्रा काढून झाल्यात, जोडाक्षरं अर्धीअधिक बाकी, आणि लॅटिनला (म्हणजे इंग्रजी अक्षरांना) हातच लावलेला नाही. त्याची घाईही नाही, त्या बाजूला कूपर ब्लॅक हा जाड गोल फॉन्ट १९२२ पासून ठाण मांडून बसलाय.

आधी जाडीचं. अक्षर ज्या १००० युनिटच्या चौकटीत काढतात, त्यात उभा दंड १७० आणि शिरोरेषा ११० ठेवलीय. दोन्ही सारख्या केल्या की शब्द वरून दाबल्यासारखा दिसतो आणि वेलांटी-मात्रांना जागाच उरत नाही. बोरूच्या कटाची जाड-बारीक लय गोल फॉन्टमध्ये सोडूनच द्यावी लागते, पण पूर्ण नाही हां, जिथे वळण दंडाला येऊन भिडतं तिथे ते बारीक केलं नाही तर काळा गोळा होतो. क च्या पोटात बघा, लगेच कळेल.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो गाठींनी. म आणि भ, घ आणि ध, यांच्यातला फरक म्हणजे डावीकडची गाठ नाहीतर वळण आणि शिरोरेषेतली फट, आणि जाडी वाढली की नेमकं हेच आधी बुजतं. मी गाठी सरळ भरीव करून टाकल्या, आतलं भोक ठेवलंच नाही, आणि त्याबदल्यात भ-ध ची फट ४५ युनिटच्या खाली जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. लांबून वाचताना भोक कुणी बघत नाही, फट बघतात. (यावर वाद घालायचा असेल तर स्वागत आहे.)

एक टाईप या फॉन्ट बनवणाऱ्यांच्या मोदक फॉन्टमध्ये सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी उलट टोकाचा रस्ता घेतलाय, अक्षर इतकं फुगवलंय की आतली पांढरी जागा म्हणजे नुसत्या बारीक रेघा राहिल्यात, आणि त्या रेघा सगळ्या अक्षरांत सारख्या वाटतात हीच त्यातली कमाल. त्यांचाच बलू हा फॉन्ट त्यामानाने शहाणा आहे, बलू २ मध्ये तर रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच वजनं मिळतात. दोन्ही ओपन लायसन्सचे आहेत, फाइल उघडून वळणांचे पॉइंट कुठे ठेवलेत ते बघता येतं, नवीन लोकांनी आधी तेच करा.

ल पाकळीचा आणि श देठाचा घेतलाय, २०२२ च्या वर्णमालेवरच्या शासन निर्णयातही तेच आहेत. बरेच फॉन्ट मराठी वळण लोकल फीचरमध्ये (भाषेनुसार अक्षराचं रूप बदलणारी सोय) ठेवतात, पण मजकुराला मराठी भाषेचा टॅग असेल तरच ते चालतं आणि बॅनर करणारा माणूस टॅग लावत बसणार आहे का? म्हणून माझ्यात मराठी वळण डिफॉल्ट, हिंदीवाल्यांनी टॅग लावावा.

आता शिरोरेषा. फॉन्ट गोल म्हणजे टोकं गोल हवीत, पण प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचं टोक गोल केलं तर शब्दात दर सांध्यावर खाच पडते. म्हणून आतली टोकं सपाट आणि एकमेकांवर थोडी चढलेली, फक्त शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी गोल टोक, ते कॅल्ट फीचरमधून (शेजारचं अक्षर बघून रूप बदलणारी सोय) बदलतं. यात एक बरं आहे, कॅल्ट लागतं तोवर शेपिंग इंजिनने (अक्षरं जुळवून मांडणारं सॉफ्टवेअर) ऱ्हस्व वेलांटी डावीकडे नेलेली असते, त्यामुळे ‘किती’ मध्ये गोल टोक बरोबर वेलांटीच्या शिरोरेषेला मिळतं. या बदलाच्या नियमाला (लुकअप) इग्नोअरमार्क्स, म्हणजे अनुस्वारासारखी चिन्हं वगळायची सूचना, मात्र लावा, नाहीतर ‘घरं’ मधला अनुस्वार शेवटचं अक्षर समजला जातो आणि र चं टोक सपाटच राहतं.

रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक आले की या जाडीत अँकर (चिन्ह कुठे बसवायचं तो बिंदू) लावून काही होत नाही, तिघांचा मिळून वेगळा ग्लिफच, म्हणजे आकारच काढला. ‘वाऱ्या’मधला ऱ्य झालाय, छान झालाय. ‘ष्ट्र’ अजून तीन मजली चाळीसारखा दिसतोय, त्याच्यावर काम चालू आहे.

वापरून बघायला ओळखीतल्या एका मंडळाच्या फ्लेक्सवर टाकला. दोन गोष्टी लक्षात ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते. आणि अक्षरांना पांढरी बॉर्डर द्यायची असेल (आपल्याकडे देतातच) तर शिरोरेषा एकमेकांवर चढलेल्या असल्यामुळे प्रत्येक सांध्यावर पांढरी रेघ उमटते, तेव्हा कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराचे कर्व्ह करून वेल्ड मारा (सगळे आकार जोडून एक करा) आणि मग आउटलाइन द्या, किंवा आउटलाइन बिहाइंड फिल, म्हणजे बॉर्डर रंगाच्या मागे ठेवा. परिच्छेद या फॉन्टमध्ये कृपया लावू नका, चार-पाच शब्दांचा मथळा, मुलांच्या पुस्तकाचं कव्हर, मिठाईचा बॉक्स, बस.

पुढचं काम द ची जोडाक्षरं: द्ध, द्व, द्य, द्घ. द्ध ला दोन स्केच आहेत, एकात ध खाली लटकतोय, दुसऱ्यात पायमोडका द आणि शेजारी पूर्ण ध. मला दुसरं जास्त वाचनीय वाटतंय पण मथळ्यात ते पसरट दिसतं. ‘प्रसिद्ध’ आणि ‘उद्घाटन’ दोन्ही प्रकारे सेट करून टाकते, तुम्ही फोन हातभर लांब धरून सांगा कुठलं ठेवू.