अदिस अबाबा ते असेला: खचदरीवर भूकंपमापक बसवताना

इथिओपियात अदिस अबाबाच्या 2300 मीटरच्या पठारावरून खाली उतरलं की खचदरीच्या तळात अदामा, पुढे पूर्वेच्या खांद्यावर असेला. स्थानकांची ओळ अशी दरीला आडवीच टाका. दूरच्या भूकंपांच्या लहरींवरून वरच्या प्रावरणाचं (कवचाखालच्या थराचं) चित्र काढायला स्थानकांत 30-40 किलोमीटरचं अंतर पुरतं. मात्र जाळं जेवढं रुंद, साधारण तेवढ्याच खोलीपर्यंतच्या चित्रावर भरवसा ठेवावा. जून ते सप्टेंबर पावसात खड्डे भरतात, म्हणून ऑक्टोबरनंतर निघा.

तळातली राख, तलावाचा गाळ टाळून उघडा खडक शोधा. मीटरभर खड्डा, तळाशी सिमेंटचा ओटा, भोवती प्लास्टिकचं पिंप. पिंप ओट्याला चिकटता कामा नये, नाहीतर वाऱ्याची प्रत्येक झुळूक आडव्या हालचालींच्या नोंदीत उतरते. सेन्सर प्रवासात लॉक ठेवा. पोचल्यावर आधी पातळी, मग अनलॉक, मग सेंटरिंग (आतलं वजन मध्यावर आणणं). ओटा सुकताना किंचित कलतो, तेव्हा दोन-तीन दिवसांनी सेंटरिंग पुन्हा तपासा.

उत्तर दिशेसाठी बेसॉल्टवर होकायंत्राचा भरवसा नाही. ओळंब्याच्या दोरीची सावली आणि नेमकी वेळ यांवरून हिशेब करा. इथे 10 अंश चुकले, तर एसकेएस लहरींवरून (पृथ्वीच्या गाभ्यातून येणाऱ्या लहरींवरून) काढलेली प्रावरणाची जलद दिशाही, म्हणजे ज्या दिशेत कंप पावणारी लहर वेगाने जाते तीही, तेवढीच फिरते.

सर्वांत जास्त घोळ घड्याळाचा. स्थानिक लोक दिवस पहाटेपासून मोजतात: सकाळचे 9 म्हणजे त्यांचे 3, आणि रेकॉर्डरमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) 6. राखणदाराच्या वहीत 'बॅटरी 3 वाजता काढली' असेल, तर कोणत्या घड्याळाचे 3 ते तिथेच विचारून घ्या. त्यांच्या वर्षात महिनेही 13 आहेत. जीपीएस अँटेनाला मोकळं आकाश द्या. पी लहर (भूकंपाची सर्वांत आधी पोचणारी लहर) उशिरा आली, की वाटेत तिला मंदावणारा गरम खडक आहे असं धरतात. स्थानकांमधले या उशिराचे फरक सेकंदाच्या अंशांत असतात, घड्याळ 0.3 सेकंद सरकलं, की प्रावरणात नसलेला गरम डाग नकाशावर उमटतो.

पुढचा सापळा भूकंपांच्या निवडीत. हिंदुकुश सुमारे 40 अंशांवर (पृथ्वीच्या मध्यापासून मोजलेलं कोनीय अंतर), पण ईशान्येला, म्हणजे जवळपास दरीच्याच दिशेत. फक्त तिकडचे किरण (लहरींच्या वाटा) घेतले तर चित्र दरीच्या लांबीत फराटतं आणि सुटासुटा मंदवेगी डाग सलग पट्टा भासतो. नैर्ऋत्येच्या दक्षिण सँडविच बेटांचे भूकंप मोजकेच मिळतात, पण ईशान्येकडच्या किरणांना छेदणारे किरण तेच देतात. एसकेएससाठी जपानकडचे, सुमारे 93 अंशांवरचे, मोठे धक्के कामाचे. त्यामुळे जाळं वर्षाच्या आत उचलू नका. दीड वर्ष मिळालं तर उत्तम.