पुढचं वर्ष, दुसरी शाखा आणि ठेकेदाराचा चेक

आमच्या बुद्धिबळाच्या क्लासचं पुढचं वर्ष मार्चअखेरच्या एका रविवारी ठरतं. नागपूरच्या लक्ष्मीनगरातली खोली, तिघे प्रशिक्षक आणि मी. लोकांना वाटतं, आम्ही बसून अभ्यासक्रम आखत असू. खरा वेळ जातो तो सुट्ट्या छाटण्यात.

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या आठवडाभर मागून, जून संपता संपता उघडतात. सीबीएसईवाल्यांचं मात्र एप्रिलपासूनच सुरू. मे महिन्यात पारा 45 च्या घरात, म्हणून शिबिर सकाळी सातला सुरू करून साडेनऊला संपवायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. त्या दिवशी क्लास ठेवणारा माणूस नागपूरचा नाहीच. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीत आमची गल्ली बंद. डिसेंबरात अधिवेशन. मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले की सिव्हिल लाइन्सची पोट्टी सहाच्या बॅचला कधी पोचतील, सांगता येत नाही.

यंदा या सगळ्यावर एक भलतंच ओझं होतं. 28 जुलै 2025 ला आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टरही इथलेच, पण त्यांच्या वेळी दारात अशी रांग लागली नव्हती. ऑगस्टमध्ये मी खुर्च्या भाड्याने आणल्या. दिवाळीनंतर बऱ्याचशा परत केल्या. तरी जी मुलं टिकली त्यांच्यामुळे एक खोली पुरेना, म्हणून मनीषनगरचा एक हॉल पाहून ठेवलाय. मालकाला अक्षय तृतीयेपर्यंत उत्तर हवंय. दुसरी शाखा म्हणजे वर्षाची उलाढाल वीस लाखांपलीकडे, म्हणजे 18 टक्के जीएसटी. तो पालकांकडून घ्यावा की स्वतः सोसावा, यावरच आमचा चहा दोनदा झाला.

मग आमचा सर्वांत चांगला प्रशिक्षक म्हणाला, "सर, सकाळी पाच ते आठ अमेरिकेचे पोट्टे शिकवून राहिलो मी. तिकडून अजून दोघं आले. मले आता इथं शनिवार-रविवारच जमते."

त्याचं चूक काय? तिकडे तासाला डॉलर मिळतात. पण हा पोरगा लहानांना आधी राजा आणि एक प्यादं एवढंच पटावर ठेवून शिकवतो. समोरचा राजा वाट अडवून उभा असताना आपला राजा प्याद्याच्या पुढे कसा न्यायचा, हे मुलाला स्वतः सापडेपर्यंत गप्प बसतो. गावभर क्लास झालेत, त्यातले निम्मे पहिल्याच आठवड्यात चार चालींत मात शिकवतात. पोरगं घरी काकाला हरवतं, घरचे खूश, फी जमा. सहा महिन्यांनी तेच पोरगं स्पर्धेत वजीर घेऊन तिसऱ्या चालीला बाहेर पडतं आणि रडत येतं. मग ते आमच्याकडे.

बैठक संपत आली आणि एक पालक आले. मुलगी आठ वर्षांची, रेटिंग, म्हणजे स्पर्धांतल्या निकालांवरून ठरणारे गुण, 1432, नुकतंच लागलेलं. ते रस्त्यांचे ठेकेदार. खिशातून चेक काढला, दोन वर्षांच्या फीचा, एकरकमी.

"सर, फक्त एक कागद द्या. पुढच्या मार्चपर्यंत 1600."

मी म्हटलं, असं लिहून देता येत नाही.

"का बरं? माझ्या वर्क ऑर्डरमध्ये तारीख राहते, काम राहते. मी लिहून देतोच ना."

मी फळ्यावर गणित मांडलं. या वयात आणि या रेटिंगला के-फॅक्टर, म्हणजे एका डावाने गुण किती हलतात ते ठरवणारा आकडा, 40. बरोबरीच्या खेळाडूकडून एक डाव हरली की 20 गुण गेले. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, 1 मार्च 2024 पासून रेटिंगची खालची मर्यादा 1000 वरून 1400 केली आहे. म्हणजे असे दोन पराभव झाले की ती 1392 वर, म्हणजे यादीतून बाहेर, पुन्हा बिनरेटिंगची. उलट आठ डाव सलग जिंकली तर 1600 जवळ दिसेलही, पण ते तिथे टिकेल असं नाही. त्यांनी सगळं नीट ऐकलं. हुशार माणूस. म्हणाले, "मग तुमचं प्लॅनिंग कशाचं चालू आहे?"

तिघेही प्रशिक्षक माझ्याकडे पाहत होते. त्या चेकमध्ये मनीषनगरच्या हॉलचं डिपॉझिट निघत होतं, आणि शनिवार-रविवार मागणाऱ्याला महिनाभर थांबवण्यापुरता पगारही. मुलगी तेवढ्यात मागच्या टेबलावर बसून, कोणी न सांगता, राजा-प्याद्याचा डाव लावत होती. तिच्या बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं.

रात्री त्यांना व्हॉट्सअॅप केलं: आठवड्याला तीन वर्ग, वर्षात नऊ फेऱ्यांच्या चार रेटिंग स्पर्धा, प्रत्येक हरलेल्या डावाची तिच्याकडूनच लिहून घेतलेली तपासणी. हे सहीनिशी देतो. आकडा देत नाही. फी महिन्याची महिन्याला घेईन.

निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही. मुलगी मात्र मंगळवारी वेळेवर आली. चेक त्यांनी परत मागितलेला नाही, मीही बँकेत टाकलेला नाही. तीन महिने चालतो. हॉलचा मालक काल पुन्हा विचारत होता.