कुलूप लागलेली घरे आणि माझे सर्वेक्षण

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातून दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांमधील रक्तक्षय हा विषय मी घेतला, तेव्हा सहमार्गदर्शक म्हणून जनआरोग्य विभागातील एक डॉक्टर मॅडम लाभल्या. त्यांना हिमोग्लोबिनचा आकडा हवा होता, मला त्या आकड्यामागचे घर, आणि दोन्ही एकाच प्रश्नावलीत बसवता बसवता चार महिने गेले. भिल्ल समाजात सिकलसेल हा रक्त कमी करणारा आनुवंशिक आजार आढळत असल्याने त्याचीही चाचणी करावी हा त्यांचा आग्रह मला सुरुवातीला अवांतर वाटला होता. पण रक्त कमी होण्याचे कारण प्रत्येक वेळी ताटातच सापडेल, हे मी तोवर गृहीतच धरून चालले होते.

नैतिकता समितीने प्रस्ताव एकदा परत पाठवला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या खाली निघाले, म्हणजे तीव्र रक्तक्षय असला, तर तिला कोठे पाठवणार, असा त्यांचा प्रश्न होता आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. ही त्रुटी दाखवल्याबद्दल मी समितीची मनापासून ऋणी आहे. ग्रामीण रुग्णालयाशी बोलून उपचारांची सोय लावली, मगच मंजुरी आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे निरक्षर स्त्रीचा अंगठा घेताना निःपक्षपाती, साक्षर साक्षीदार हजर लागतो. संमतीपत्रातला 'रक्ताल्पता' हा शब्द तर कोणालाच कळेना; 'आंगमा रगत कमी शे' असे म्हटले की बायका लगेच बोलू लागत.

खरी चूक मात्र माझीच होती. मंजुरी जानेवारीत मिळाली आणि मी त्याच आठवड्यात वस्तीवर गेले. घरांना कुलपे, ओट्यावर म्हातारी माणसे आणि लहान मुले. जे घरी सापडतील त्यांचेच रक्त तपासले असते, तर ज्यांच्यासाठी अभ्यास मांडला त्याच स्त्रिया निष्कर्षातून गळाल्या असत्या. म्हणून एक वर्ष लांबणीवर टाकून जाण्यापूर्वी आणि परतल्यावर अशा दोन फेऱ्या ठरवल्या. 'मासिक उत्पन्न' हा रकानाही काढला, कारण मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरीचे एकच एकक, होतात, आणि त्यात बाईचा वेगळा पैसा दिसतच नाही. त्याऐवजी उचल किती व फिटली किती, हे विचारले.

परतीच्या फेरीत एका बाईने उजवा हात पुढे केला. बोटांवर कोयत्याचे घट्टे होते, म्हणून डाव्या हाताच्या अनामिकेला सुई टोचली. यंत्रावर ९.४ आले. तिने विचारले, "जातांना कितलं व्हतं?" मी वही उघडून दिवाळीपूर्वीचा आकडा शोधला आणि तिच्या कार्डावर दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहून दिले.