दुतोंड्या मारुतीचं चित्र आणि "प्राईस प्लीज"

नाशिकच्या गोदाघाटावर चित्र काढायला बसलं की मागे चार माणसं उभी राहणारच, आणि बुधवारच्या बाजाराच्या दिवशी तर जास्तच. कोणाच्या हातात भाजीची पिशवी, कोणी नुकतंच रामकुंडात अंघोळ करून ओल्या अंगाने आलेलं, थोडा वेळ बघतात आणि मग विचारतात, ताई हे केवढ्याला देणार? मी पंचवीस वर्षं चित्रं अशीच विकली, जोडीला वर्षातून एखादं प्रदर्शन. लॉकडाऊनमध्ये दोन्ही बंद पडलं तेव्हा भाचीने इन्स्टाग्रामवर अकाउंट काढून दिलं, म्हणाली मावशी आता इथे बस.

सुरुवातीला मी काय करायचे, चित्र झालं की फोटो टाकायचा, खाली "जलरंग, 11 बाय 15 इंच" आणि विषय संपला. लाईक चाळीस-पन्नास, तेही सगळे ओळखीचेच. कोणी "प्राईस प्लीज" लिहिलं की मी "मेसेज करते" म्हणायचे, आणि मेसेजमध्ये 3500 लिहिलं की समोरचा गप्प. खूप लागायचं मनाला. घाटावर न घेणारा माणूससुद्धा "छान काढलंय हो" म्हणून जातो, इथे नुसतं "सीन", मेसेज बघून गप्प.

मग एका पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि मी दुतोंड्या मारुती, गोदापात्रातली ती मोठी मूर्ती, काढायला बसले. भाचीने मोबाईल स्टँडला लावला आणि म्हणाली बोलत बोलत काढ. तर मी बोलले, मराठीतच, की पुराचं पाणी ट्यूबमधल्या ब्राऊनने होत नाही, तांबूस बर्न्ट सिएनात निळ्या अल्ट्रामरीनचा थोडासा थेंब टाकायचा, कागद आधी भिजवून घ्यायचा आणि रंगाला स्वतःहून वाहू द्यायचं, आणि ओलं असताना रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो, म्हणून हात थोडा सढळ ठेवायचा. खाली किंमत सरळ लिहून टाकली.

नाशिकमध्ये पूर मारुतीवरूनच मोजतात, पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं असं, त्यामुळे खाली माणसांची रीघच लागली. कोणी 2008 च्या पुराचं लिहिलं, एका आजोबांनी 1969 च्या पुरात भांडी बाजारातून सामान कसं वर चढवलं ते एवढं मोठं लिहिलं की मी दोनदा वाचलं, आणि चित्र घेतलं ते पुण्यातल्या एका बाईंनी, माहेर पंचवटीतलं त्यांचं. मी त्या रात्री एकेकाला उत्तर देत बसले, बारा वाजले. आधी हा वेळ वाया जातो वाटायचं. पण मागे उभ्या राहणाऱ्यांशी मी पंचवीस वर्षं बोललेच होते की, मग इथेच तोंड का बंद ठेवलं होतं?

नव्याने उतरणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी सांगते, मी ठेच खाऊन शिकलेय. फोटो उन्हात काढू नका, सकाळी सावलीत, खिडकीपाशी काढा, नाहीतर मोबाईल मातकट पाण्याला पार नारिंगी करून टाकतो आणि घेणारा म्हणतो रंग वेगळाच आला. पार्सल आधी प्लास्टिकमध्ये, मग दोन हार्डबोर्डच्या मध्ये, चारही बाजूंनी टेप. माझं एक चित्र पावसात कुरिअरमध्ये भिजलं, पैसे परत दिले पण ते चित्र गेलं ते गेलंच, आजही आठवलं की पोटात कालवतं. आणि कोणी "पेमेंट पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणालं तर तिथेच ब्लॉक करा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. माझं बोट पिनवर गेलं होतं, भाची शेजारी होती म्हणून वाचले.

अजून एक, चित्र विकलं म्हणजे त्याचे प्रिंट काढायचा हक्क विकला असं नाही. मनाने काढलेल्या चित्राचा कॉपीराईट, लिहून दिला नसेल तर, आपल्याकडेच राहतो, पण कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतलं तर तो सहसा त्यांचा होतो, म्हणून ऑर्डर घेताना आधीच लिहून घ्या. हे मला फार उशिरा कळलं.

येत्या बुधवारी सकाळी सात वाजता गांधी तलावापाशी बसणार आहे, लाईव्ह करेन. नाशिकमध्ये असाल तर प्रत्यक्ष या, मागे उभे राहा. आणि भांडी बाजारवाले आजोबा, तुम्ही वाचत असाल तर तुमच्या जुन्या वाड्याचा दरवाजा कसा होता ते नीट सांगा, मला तो काढायचाय.